सामासिक अंतर

आपल्याकडे परीक्षण कशाचं होत नाही? नाटकाचं होतं, सिनेमाचं होतं, दिवाळी अंकांचं होतं, नव्या हॉटेलातल्या मिसळीचं तर रस्सा निवायच्या आत होतं. फक्त घराचं होत नाही. वास्तविक नाटक आवडलं नाही तर मध्यंतरात बटाटेवडा खाऊन घरी जाता येतं. घरच आवडलं नाही तर माणसानं जायचं कुठे? चाळीस चाळीस वर्षं तेच नेपथ्य, तीच पात्रं, तेच संवाद, आणि तिकिटाचे हप्ते वीस वर्षं भरायचे. तरीसुद्धा वास्तुशांतीला जेवून गेलेल्या दोनशे माणसांपैकी एकही जण तोंडावर खरं बोलत नाही. जिलबीवर मठ्ठा पिता पिता सगळे "छान आहे हो, हवेशीर आहे" म्हणतात, आणि बाहेर पडून स्कूटरला किक मारता मारता "संडास अगदी पुढ्यातच काढलाय, बघितलास ना?" असा खरा अभिप्राय देतात. म्हणजे समीक्षा होते, ती लेखकापर्यंत पोचत नाही एवढंच.

म्हणून हे काम मी अंगावर घेतलं आहे. परीक्षणासाठी घेतलेली कृती: नाशिकचा उपनगरी बंगला, रचनाकाळ साधारणपणे १९७० ते १९९०. माझा अधिकार इतकाच की गंगापूर रोडच्या एका आडरस्त्यावर, एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कॉलनीत, अशाच एका बंगल्यात मी १९७८ पासून राहतो आहे. एखाद्या कादंबरीच्या पोटात साडेचार दशकांवर मुक्काम करून मग तिच्याबद्दल लिहिणारा समीक्षक तुम्हाला सहसा मिळायचा नाही.

परीक्षणात आधी परंपरा सांगावी लागते. तर या बंगल्याची परंपरा म्हणजे वाडा. दगडी जोतं, सागवानी खांब, मधे चौक, ओसरी, माजघर, वर माडी. हल्ली वाड्याबद्दल गहिवरून लिहायची पद्धत पडली आहे. असं लिहिणारे बहुतेक लोक सराफ बाजाराकडून सरकारवाडा बघून आलेले असतात. वाड्यात राहिलेले नसतात. रविवार कारंज्यापासून हाकेच्या अंतरावर ज्या वाड्यात माझं लहानपण गेलं, तिथं अकरा बिऱ्हाडं, दोन नळ आणि तीन संडास असा हिशेब होता. पहाटे टमरेल हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला खांबावरचं कोरीवकाम दिसत नाही. एकोप्यानं राहत होतो म्हणतात तेही खरं आहे. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

त्यात सप्टेंबर १९६९ चा महापूर आला. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून मोजायची नाशिकची रीत आहे. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्या वर्षी मोजायला मारुतीच दिसेना. पाणी ओसरल्यावर वडिलांनी चौकातला चिखल उपसला, हातपाय धुतले आणि "उंचावर" हा एकच शब्द उच्चारला. तो त्यांनी पुढे नऊ वर्षं सोडला नाही.

असे "उंचावर" म्हणणारे पुष्कळ होते. सातपूरला कारखाने उभे राहत होते, ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना होता, नाशिकरोडची नोटांची आणि स्टँपांची प्रेस तर विसाच्या दशकापासूनची. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार घेणारी एक नवीच जात गावात तयार झाली होती, आणि ती मळे विकत घेत सुटली होती. कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर, पुढे इंदिरानगर. १९८२ च्या नोव्हेंबरात नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची खेडी एकत्र करून महानगरपालिका झाली, तेव्हा आपण उपनगरात राहतो हे आम्हाला समजलं. तोवर आम्ही नुसते गावाबाहेर राहत होतो. रिक्षावाले तसं स्पष्ट सांगत आणि दुप्पट भाडं घेत.

आता कृतीकडे वळू. आधी शीर्षक.

आमच्या कॉलनीत चोवीस प्लॉट. त्यात तीन 'मातृछाया', दोन 'मातोश्री', एक 'आईचा आशीर्वाद'. उरलेल्यांत 'श्रमसाफल्य' दोन, बाकी नवराबायकोच्या नावांची अक्षरं जोडून केलेले प्रकार, ज्यांचा अर्थ त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही आणि पुढे पुढे त्या दोघांनाही कळत नाही. टीकाकार म्हणतील, कल्पनादारिद्र्य. मी म्हणतो, ही नाशिकची दोन हजार वर्षांची परंपरा आहे. आमच्या गच्चीवरून पूर्वी पांडवलेण्यांचा डोंगर दिसायचा. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी या म्हाताऱ्या बाईनं भिक्षूंना राहायला लेणं दिलं आणि भिंतीवर आपल्या मुलाचं भरघोस कौतुक कोरून घेतलं. तेव्हा आई घर बांधायची आणि दगडावर मुलाचं नाव घालायची. आता मुलगा बांधतो, फाटकाच्या ग्रॅनाइटवर आईचं नाव घालतो आणि आईला मागच्या, मोरीशेजारच्या खोलीत ठेवतो. कारण विचाराल तर, "तिलाच बरं पडतं तिथं." आमच्या कॉलनीतल्या सहाही आयांना तिथंच बरं पडत होतं.

दर्शनी भागाला आमच्यात 'एलिव्हेशन' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ काय असेल तो असो, आमच्याकडे त्याचा अर्थ 'रस्त्यावरून जाणाऱ्या साडूला दिसणारा भाग' असा आहे. पोर्च, त्यावर एक उगाच कमान, कमानीवर जाळी, जाळीत स्वस्तिक किंवा ओम. गाडी नसलेल्या माणसानं पोर्च का बांधावा हा प्रश्न त्या काळी कुणी विचारत नसे. तिथं लूना लावत. यात संयम दिसतो तो कलात्मक नव्हे. १९८२ च्या फेब्रुवारीत सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठेपर्यंत सिमेंट परवान्यावर मिळत होतं. छज्जा किती बाहेर काढायचा हे इंजिनियर सांगत नसून हाताशी असलेली पोती सांगत. त्या आधीचे बंगले आणि नंतरचे बंगले तुम्ही नुसते शेजारी ठेवून बघा. आधीचे सुटसुटीत आहेत. नंतरच्यांना सज्जे फुटले, सज्ज्यांना कठडे, कठड्यांना सुरया. टंचाईचे शैलीवर सुपरिणाम या विषयावर कुणी प्रबंध लिहिणार असेल तर साहित्य आमच्याच गल्लीत पडलेलं आहे.

आत आलं की हॉल. हा संपूर्ण कृतीतला सगळ्यात फसलेला भाग. घराची सगळ्यात मोठी, सगळ्यात उजेडाची, एकमेव पंखा दोन असलेली खोली, आणि तिथं राहतं कोण? शोकेस. आत कपबशांचा न वापरलेला सेट, काश्मीरची शिकारा-नाव, मुलानं दुसरीत मिळवलेला चमचा-लिंबूचा कप. सोफ्याला प्लास्टिकचं आवरण, उन्हाळ्यात उठताना मांडी त्याला चिकटून राहायची. घरातली सात माणसं दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात एकमेकांच्या ताटांना ढोपरं लावत जेवायची आणि बारा बाय अठराचा हॉल पाहुण्यांची वाट बघत झाडून-पुसून बसलेला. पाहुणे यायचे ते चपला काढून थेट स्वयंपाकघरात. लेखकाचं लक्ष वाचकाकडे फार असलं की असं होतं. रामायण लागायचं त्या दीड वर्षात मात्र, म्हणजे १९८७-८८ ला, दर रविवारी सकाळी या हॉलचं चीज व्हायचं. त्यानंतर नाही.

मधली एक खोली अंधारी, ही तर या बंगल्यांची खूणच. तिला दिवसा दिवा लागतो. नकाशात तिच्यावर 'बेडरूम' लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथं गाद्यांची चळत, शिवणाचं मशीन, गव्हाची कोठी आणि परीक्षा जवळ आलेला एक मुलगा असं साठवतात.

मग जिना. तो बाहेरून. याला वाङ्मयात सूचकता म्हणतात. बाहेरून जिना म्हणजे वरती पुढेमागे मजला चढणार आणि त्यात एक तर भाडेकरू येणार, नाही तर थोरल्या सुनेचं धाकटीशी पटणार नाही. घर बांधतानाच भांडणाची सोय करून ठेवणारा आमच्याइतका दूरदर्शी समाज दुसरा नसेल.

जिन्यानं वर गेलात की गच्चीवर या कृतीतला सगळ्यात बोलका तपशील दिसतो. कॉलमचे गज. स्लॅबच्या वर हात-दीड हात लोखंड तसंच ठेवलेलं, पुढच्या मजल्याचा सांधा मिळावा म्हणून. कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत कुठल्याही गच्चीवर उभं राहून पूर्वी बघितलं की कोपऱ्याकोपऱ्यांतून हे गज आकाशाकडे हात करून उभे दिसायचे. त्यावर कुणी फुटकी मडकी उपडी घालायचं, कुणी त्यालाच वाळत घालायची दोरी बांधायचं. आमच्या घराचे गज माझ्यासाठी होते. वडिलांनी फंडातून कर्ज काढून खालचा भाग पुरा केला आणि वरचा माझ्यावर सोडला. मी काही तो बांधला नाही. खालीच मावत होतो. मग म्हटलं, ते आपल्या मुलासाठी राहू देत. नाशिकला एक कॅनडा कॉर्नर आहे, सगळ्या शहराला तेवढा पुरतो. आमच्या चिरंजीवांनी आख्खा कॅनडाच घेतला. मुलगी पुण्याला. गजांनी मात्र आशा सोडली नाही. पावसाचं पाणी त्यांच्या कडेकडेनं खाली कॉलमात उतरतं, आतलं लोखंड गंजून फुगतं, आणि मग एक दिवस हॉलमधल्या शोकेसच्या मागचं प्लॅस्टर पोक काढून खाली पडतं. न बांधलेला मजला बांधलेल्या मजल्याला कसा खातो ते मला गवंड्यानं समजावून सांगितलं. त्यानं त्यावर फक्त रसायन लावून घ्या म्हटलं आणि खर्चाचा आकडा सांगितला.

डागडुजीचा पैसा हा तर या कृतीतला कच्चा दुवाच. बांधताना सगळी पुंजी ओतायची आणि नंतर गळतीसाठी बोनसची वाट बघायची. इथं पुन्हा पांडवलेण्यांकडेच बोट दाखवावं लागतं. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं लेणं तर दिलंच, शिवाय ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. २००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दरानं. व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि वरखर्च भागायचा. मुद्दलाला हात लावायचा नाही, असंही कोरून ठेवलं. जावई असून! गोवर्धन नावाचं गाव आजही आमच्याच रस्त्यावर पुढे आहे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी हा दाखला दिला तेव्हा खजिनदारांनी, तो व्याजदर आता मिळत नाही, एवढाच आक्षेप घेतला.

एवढी सगळी दोषांची यादी वाचून तुम्हाला वाटेल की परीक्षण झालं, कृती पडली. थांबा. कुठल्याही चांगल्या पुस्तकात एखादं प्रकरण असं असतं की ते लेखकाला स्वतःलाच नको असतं. संपादकानं घालायला लावलेलं असतं आणि पुस्तक टिकतं ते नेमकं त्याच्यावर. आमच्या बंगल्यात ते प्रकरण म्हणजे सामासिक अंतर.

हा शब्द मी प्रथम आमच्या मंजूर नकाशावर वाचला. व्याकरणाशी त्याचा संबंध नाही. शाळेत मास्तर वहीला समास सोडायला लावत ना, तो हा समास. प्लॉटच्या कडेनं घर भिडवायचं नाही, पुढे इतके फूट, मागे इतके, बाजूला इतके सोडायचे, असा सरकारी कायदा. आमच्या बाजूला दहा फूट, शेजारच्यांच्या बाजूला दहा फूट, मधे चार फुटी भिंत. वडिलांचा या दहा फुटांवर फार राग होता. स्वतःच्या पैशानं घेतलेली जमीन आणि तिच्यावर बांधायचं नाही? "एवढ्यात दोन खोल्या झाल्या असत्या," असं ते दर रविवारी दाढी करताना म्हणत. कॉलनीतले सगळेच म्हणत. ज्याच्यावर ते मनापासून खर्च करत ते पोर्च आणि तो हॉल ओस पडले, आणि कायद्यानं जबरदस्तीनं रिकामे ठेवायला लावलेल्या त्या पट्टीत सगळं घर राहायला गेलं.

काय काय नव्हतं तिथं? धुण्याचा दगड. पाण्याचं बंब. कढीपत्ता, त्याच्या बुडाशी पुदिना, कारण न्हाणीचं पाणी तिथंच जायचं. शेवगा दारात लावू नये म्हणतात म्हणून बाजूला लावलेला. बुंधा आमच्याकडे आणि शेंगा बहुतेक शेजारी. त्याबद्दल कधी चकार शब्द निघाला नाही, फक्त शेजारच्या काकूंची आमटी दर मंगळवारी आपोआप आमच्याकडे यायची. उन्हाळ्यात वाळवणं. कुरडया, सांडगे, आणि त्यांच्यावर राखणीला बसवलेला, राखण कमी आणि कुरडया जास्त खाणारा मी. मधल्या भिंतीच्या दोन विटा कुठल्याशा पावसाळ्यात निघाल्या. त्या परत बसवायच्या नाहीत असं दोन्ही घरांनी न बोलता ठरवलं, आणि तिथं पाय ठेवून आम्ही पोरं पंधरा वर्षं ये-जा केली. फाटकातून शेजारी जाणं म्हणजे हळदीकुंकवाला जाणं. बाकी सगळा व्यवहार भिंतीवरून. बहिणीच्या लग्नात त्याच पट्टीत आचाऱ्यानं चूल मांडली. वडील गेले तेव्हा तिरडी तिथंच बांधली. बांबू शेजारच्या काकांनी स्वतः जाऊन आणले होते.

आणि त्या दहा अधिक दहा फुटांचं माप काय अचूक होतं! तेवढ्या अंतरावरून शेजारचं भांडण ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. चाल कळते. फोडणी कशाची आहे ते कळतं, भाजी कशाची ते उद्या विचारावं लागतं. माणसानं माणसाच्या किती जवळ असावं हे ठरवायला तत्त्ववेत्त्यांनी जन्म घालवले. इथं नगररचना खात्यातल्या कुणा कारकुनानं टेप धरून ते मांडून टाकलं.

१९९४ सालचा जानेवारी. निफाडचा पारा उतरला की आमच्याही नाकाचे शेंडे लाल होतात, तसे दिवस. शेजारचे काका रोज पहाटे साडेपाचला न्हाणीघरात तांब्या घंगाळावर आपटत आणि तीनदा खाकरत. काकू तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. एक दिवस आई आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी दूध तापवता तापवता थबकली आणि म्हणाली, "आज तांब्या वाजला नाही." बस, एवढंच. मी ते दोन विटांचे खड्डे शोधत भिंतीवरून पलीकडे गेलो. काका न्हाणीच्या उंबऱ्यात आडवे. दवाखान्यात वेळेवर पोचले, नंतर नऊ वर्षं तांब्या वाजवत राहिले. पुढे त्यांना कुणी या दुखण्याबद्दल विचारलं की ते डॉक्टरांचं नाव सांगत नसत, खिडकीकडे बोट करत.

तुलनात्मक अभ्यासाशिवाय परीक्षणाला वजन येत नाही, म्हणून थोडं सिडकोबद्दल. सिडकोनं नाशकात सहा योजनांत वीस हजारांच्या वर घरं बांधली. पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक हा सगळा भाग. आम्ही बंगलेवाले त्यांना काड्यापेट्या म्हणत होतो. पण त्या घरांचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. ती आपण अपुरे आहोत हे उघड सांगत. मग लोकांनी ती वाढवली. पुढे एक खोली, वर एक खोली, अंगणातून उभा जिना, खाली किराणा दुकान. लेखक आणि वाचकांनी मिळून लिहिलेली ही कादंबरी आहे आणि आमच्या एकटाकी बंगल्यांपेक्षा तिच्यात माणसं जास्त आहेत. एकच झालं, वाढता वाढता तिनं आपले समास खाल्ले. तिथं भांडणाचे शब्द कळतात.

वारसाहक्क हा या कृतीचा शेवटचा अंक, आणि तोही नाशिकच्याच माणसानं लिहून ठेवलेला. वि. वा. शिरवाडकर आमच्या टिळकवाडीत राहत. १९७० साली त्यांचं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. मुलांना सगळं देऊन टाकणारा म्हातारा नट आणि मग डोक्यावर छप्पर नसणं. या नाटकावर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण नाशिकच्या बंगलेवाल्यांवर त्याचा काय परिणाम झाला ते कुणी नोंदलेलं दिसत नाही. आमच्या कॉलनीतले एक गृहस्थ प्रयोगाला बायकोसह गेले, दोघंही रडली, रात्री जेवली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वकिलाकडे जाऊन मृत्युपत्रात 'आम्हा उभयतांच्या हयातीनंतर' हे शब्द घालून आली. शोकांतिकेनं भावनांचं विरेचन होतं म्हणतात. आमच्याकडे कागदपत्रं नीट होतात.

नीट झालेल्या कागदपत्रांचं पुढे काय झालं? मुलं पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला. घरात दोन म्हातारी, मग एक. २०२० च्या डिसेंबरात मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला बांधकामाची नवी एकत्रित नियमावली लागू झाली, आमच्या रस्त्यांना जास्त चटईक्षेत्र मिळालं, आणि बंगला ही वस्तू एकदम 'प्लॉट' झाली. चोवीसपैकी सात उरलो आहोत. पूर्वी वडील माणूस आजारी पडला की नातेवाईक यायचे, आता आधी बिल्डर येतो आणि तोही नारळपाणी घेऊन. शेजारच्या काकू गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना कढीपत्त्याचं रोप घेऊन गेल्या, आठव्या मजल्यावर ते धरलं नाही असा फोन आला. त्यांच्या बंगल्याला जेसीबीनं सव्वा दिवस लागला. पोर्च लगेच पडला. जुन्या परवान्याच्या सिमेंटच्या भिंतींनी थोडा वेळ घेतला. आता तिथं निळे पत्रे उभे आहेत, आणि पत्र्यापलीकडे काय चाललंय ते कळत नाही. चाल नाही, शब्द नाहीत, फोडणी नाही.

त्या बिल्डरला आमचाही प्लॉट हवा आहे. दोन्ही एकत्र केले की इमारत उंच जाते. मी काही नव्याचा वैरी नाही. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात, घरात तीन उंबरे आहेत, आणि रात्री गच्चीवरून कुणी उतरल्याचा भास झाला की दोघांनी एकमेकांकडे बघत पहाट करायची हे या वयात शोभत नाही. मुलगी म्हणते सही करा. मुलगा म्हणतो तुम्ही ठरवा, म्हणजे तोही तेच म्हणतो. तेव्हा नकाशा मागवून घेतला. लेखक प्रकाशनाआधी हस्तलिखित दाखवतो हा मान थोड्या समीक्षकांना मिळतो.

हस्तलिखित चांगलं आहे. खोल्यांना उजेड आहे, अंधारी मधली खोली नाही, उंबरे नाहीत, हॉलच स्वयंपाकघरात मिसळून टाकलाय म्हणजे शोकेसला जागाच नाही. आमच्या पिढीचे सगळे दोष काढलेत. आणि गंमत म्हणजे सामासिक अंतर पूर्वीपेक्षाही जास्त आहे! इमारत उंच, तर समास रुंद. मी आनंदानं टाचण लावायला गेलो तर त्या पट्टीत बारीक अक्षरांत लिहिलेलं: अग्निशामक गाडीसाठी, कायम मोकळं ठेवावं. झाड नाही, दगड नाही, कुरडई नाही. बरोबरच आहे म्हणा; बाराव्या मजल्यावर आग लागली तर शेवग्यानं विझणार नाही.

नकाशा घेऊन आलेला आर्किटेक्ट अगदी पोरसवदा, अदबीनं बोलणारा, आमच्याच एचपीटीच्या मागच्या गल्लीत वाढलेला. मी पेन्सिल काढून नकाशाच्या समासात तीन प्रश्न लिहिले. पहिला, शेवगा कुठे? तो म्हणाला, "काका, पोडियमवर लँडस्केप आहे, पण मुळं खोल जाणारं काही लावता येत नाही, खाली पार्किंगचा स्लॅब आहे." दुसरा, तांब्या वाजला नाही तर कुणाला कळणार? त्याला आधी प्रश्नच कळला नाही. मी ९४ सालची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "प्रत्येक बाथरूममध्ये अलार्मचं बटण देता येईल." काका तेव्हा उंबऱ्यात आडवे होते, हात बटणापर्यंत कसा पोचला असता, ते मी त्याला विचारलं नाही. मुलाचा चेहरा चांगला होता. तिसरा प्रश्न, तिरडी कुठे बांधायची? यावर मात्र तो पटकन म्हणाला, "त्याची काळजी करू नका काका, एक लिफ्ट स्ट्रेचर साइजची घेतलीये."

सौभाग्यवतींनी चहा आणला, स्वयंपाकघरातच. त्यानं तिन्ही प्रश्न वहीत उतरवून घेतले, वहीला समास सोडून, आणि पुढच्या आठवड्यात सुधारलेला नकाशा आणतो म्हणाला. जाताना पत्र्यांकडे तोंड करून उभा राहिला, डोकं वर करून शेवग्याच्या शेंगा मोजल्यासारखं केलं. मी चार काढून दिल्या.